मटारच्या उन्हातला वर्ग

मटार आला. सकाळी गल्लीत टेम्पो थांबला, पोती धपाधप खाली पडली, आणि मी हातातली बशी ओट्यावर आपटली. फुटली नाही, तो भाग वेगळा. जबलपुरात हिवाळा थंडीनं येत नाही, मटारनं येतो. शेजारच्या पाटन गावाकडून गाड्या सुटतात आणि मग सगळं शहर अंगठ्याच्या नखावर जगतं. सोला, शिजवा, डबे भरून गोठवा, पुन्हा सोला. हा हंगाम मला वेड्यासारखा आवडायचा. आता शेंग दाबल्यावर होणारा तो बारीक आवाज थेट माझ्या दातांत जातो.

शाळेत मी कम्प्युटर शिकवते. राहते महाराजपुरला, जिथं एकेका गल्लीत पाच-सात मराठी घरं सापडतात. कोणाचे आजोबा फॅक्टरीत लागले म्हणून नागपूरहून आले, कोणाचे रेल्वेत. घराबाहेर आम्ही हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. भाजीवाल्यासमोर भाव पाडायचा असला की एकमेकींशी मराठीत बोलायचं, दवाखान्यात डॉक्टरबद्दल मत द्यायचं असलं की मराठीत. तिजोरीसारखी वापरतो आम्ही ही भाषा. आणि तिजोरीतलं म्हणजे आपलंच, हे इतकं अंगात मुरलेलं की कोणी ते कधी उघडून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

मागच्या हिवाळ्यात मराठी मंडळाचे सेक्रेटरी वसंतकाका मला म्हणाले, "नीता, तू पोरांना शिकवतेस, आमच्या म्हाताऱ्यांना पण ते एआय का काय ते शिकव. सगळे फसून राहिले." वसंतकाका नेपियर टाउनला राहतात, दम्याचे पेशंट, पण गणपतीत त्यांचं भाषण झाल्याशिवाय प्रसाद वाटत नाहीत. मी म्हटलं, शिकवते, पण हॉलमध्ये कोणी येणार नाही, त्यापेक्षा गल्लीतल्या बायका मटार सोलायला जिथं बसतात तिथंच मी येते.

सगळ्या बसतात सुधाताईंच्या अंगणात. गल्लीत सर्वांत जास्त ऊन तिथं. जुन्या चादरी अंथरायच्या, प्रत्येकीनं आपलं पोतं आणायचं, मधे एक मोठी परात. आणि परातीच्या शेजारी उपड्या वाटीला टेकवलेला एक फोन, स्पीकर चालू. ही आमची पद्धत. हात हिरवे, चिकट, गुंतलेले, त्यामुळे फोन कोणी हातात घ्यायचा नाही. एकीनं कोपरानं दाबायचा आणि सगळ्यांनी मिळून ऐकायचा. भजनं, रेसिपी, नातीच्या शाळेतली कविता, मंडळाच्या ग्रुपवरचे निरोप, सगळं त्या एकाच फोनमधून परातीत पडायचं.

सुधाताई रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. नवरा लवकर गेला, मुलगा प्रकाश एकटीनं वाढवला, आणि आता प्रकाशची चिनू हाच त्यांचा श्वास. बाई तिखट. समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी स्वतः पूर्ण करायची सवय. मी पहिल्या दिवशी हेच उदाहरण दिलं. म्हटलं, हे यंत्र सुधाताईंसारखं आहे, पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधतं, बरोबर आला तर आपण म्हणतो किती हुशार, चुकला तरी ते त्याच ठसक्यात बोलतं. सुधाताई म्हणाल्या, "म्हणजे मी यंत्र आहे काय व?" आणि शेंगांची मूठ माझ्या अंगावर फेकली.

किती छान चाललं होतं. हे लिहितानाही संताप येतो, की किती छान चाललं होतं. फोटोतली वाकडी बोटं शोधायची, बँकेच्या नावानं आलेल्या निरोपातली घाई ओळखायची, औषधाचं विचारलं तर त्याच्या उत्तरावर गोळी घ्यायची नाही. एके दिवशी मी सुधाताईंना विचारून त्यांच्याच आवाजाचा नमुना घेतला आणि त्यांच्या आवाजात म्हणवलं, "मला पुरणपोळी जमत नाही, सून छान करते." अंगण हसून हसून लोळलं. सुधाताईंचा चेहरा पडला. मग त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या मेलेल्या नवऱ्यालाही फरक कळला नसता." मी सांगितलं, म्हणूनच, ओळखीच्या आवाजात काही भयंकर ऐकलं तर आधी त्या माणसाला आपण फोन करायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुधाताई माझ्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनी होत्या, शेजारणीला त्यांनी एका खोट्या वीजबिलातून वाचवलंसुद्धा.

सोललेल्या शेंगांची टरफलं न्यायला त्या वर्षी एक नवा माणूस यायला लागला होता. महाराजपुरच्या कडेला तबेला आहे, तिथल्या म्हशींसाठी. हातगाडी घेऊन यायचा, पोत्यात टरफलं दाबून भरायचा, गाडीवर रचायचा, "राम राम माताजी" म्हणून निघून जायचा. आम्ही त्याला छिलकेवाला म्हणायचो. छिलकेवाला आला, छिलकेवाल्याला चहा दे. आम्हाला एवढं पुरत होतं.

त्या शनिवारी शाळा अर्धी होती. मी स्कूटरवरून गल्लीत वळले आणि मला आधी आवाज आला. मला वाटलं कोणी गादी झोडपून राहिलं आहे. थंडीत गाद्या उन्हात टाकतातच. मग तो आवाज ओला झाला.

हातगाडी उलटी पडली होती. टरफलांचा ढीग फुटून रस्ताभर पसरला होता, आणि त्या हिरव्यात एक माणूस तोंड खुपसून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. त्याच्याभोवती आमची गल्ली होती. बाहेरची माणसं नव्हती, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण नंतर सगळे म्हणाले की गर्दी होती. गर्दी कसली? मला त्यातल्या प्रत्येकाच्या घरचा चहा माहीत आहे. रोज माझ्या आजारी सासऱ्यांना पेपर वाचून दाखवणारा माणूस खुर्चीचा तुटका पाय हातात घेऊन उभा होता. प्रकाशच्या हातात क्रिकेटचा स्टंप होता. हळदीकुंकवाला माझ्या केसांत गजरा माळणाऱ्या बाईनं चप्पल हातात घेतली होती, आणि ती मोजूनमापून, टाच पुढे करून, त्याच्या कानावर मारत होती. तिच्या हातावर मटारचा हिरवा रस होता. कोणी ओरडत नव्हतं. दम लागला होता त्यांना, नुसते हुंकार येत होते. कामाला लागलेली माणसं जशी करतात तसे.

मी आत घुसले. कोणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं, तोंडात रक्ताची चव आली. मी प्रकाशचा दंड धरून ओरडत होते, काय झालं, काय केलं यानं. तो म्हणाला, "चिनूला उचलून नेत होता. काकांचा निरोप ऐकला नाही काय तू?"

निरोप मी मग ऐकला. परातीजवळच्या फोनवर तो अजून होता. वसंतकाकांचा आवाज, वाक्याच्या शेवटी येणारा त्यांचा खोकलासुद्धा. मराठीत. हातगाडी आणि पोती घेऊन मुलं पळवणारे आपल्या भागात शिरले आहेत, पोलिस येईपर्यंत वाट पाहू नका. निरोप आला तेव्हा सगळ्यांचे हात शेंगांत होते. सगळ्यांनी एकदम ऐकला, म्हणून कोणी एकटीनं तपासला नाही. आणि मराठीत खोटं कोण बोलेल? जबलपुरात मराठीत खोटं बोलून कोणाला काय मिळणार? हे मला पुढं एकीनं खरोखर विचारलं. त्याच वेळी छिलकेवाला गल्लीच्या टोकाला निघाला होता, आणि त्याच्या टरफलांच्या ढिगावर चिनू बसली होती. रोज बसायची. ती हट्ट करायची, तो तिला कोपऱ्यापर्यंत फिरवून उतरवायचा. परातीकडे तोंड करून बसलेल्या एकीलाही ते कधी दिसलं नव्हतं.

मी फोन काढला. जे शिकवलं होतं तेच केलं. वसंतकाकांना लावला, स्पीकरवर टाकला आणि हात उंच धरला. काका घाबरून बोलत होते, "मी काही पाठवलं नाही. देवाशपथ. कोणाला हात लावू नका. मी येतो." स्पष्ट ऐकू आलं. हात थांबले. खाली पडलेल्या माणसानं मान उचलायचा प्रयत्न केला. मला वाटलं, वाचला.

तेव्हा प्रकाश म्हणाला, "ये भी नकली हो सकता है. दीदी, तूच तर शिकवलंस ना. फोनवरच्या आवाजाचं काही खरं नाही."

कोणीतरी "हो ना" म्हणालं. अगदी शांतपणे, वर्गात म्हणतात तसं. आणि मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात, कारण मधे जरा विश्रांती मिळाली होती. मी त्या माणसाच्या अंगावर पडले नाही, सिनेमात पडतात तशी. मी फोन हातात धरून रडत उभी राहिले. काका फोनमधून हॅलो, हॅलो करत होते.

काका आले ऑटोनं. नेपियर टाउनहून येईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आमची गल्ली थांबली नाही. ते गर्दीत शिरले, छातीवर हात दाबून म्हणाले, "हा मी. हात लावून पाहा. मी नाही बोललो." मग सगळे एकेक पाऊल मागं सरकले आणि आपापल्या हातातल्या वस्तूंकडे पाहायला लागले. सुधाताई मी आले तेव्हापासून आपल्या पायरीवर बसलेल्या होत्या, चिनूला छातीशी इतकं घट्ट धरून की पोर गुदमरत होती. चिनू म्हणत होती, "मैं खुद बैठी थी." तिला मराठी कळते, बोलता येत नाही. कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

त्याचं नाव गेंदालाल, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. केस पेपरवर नाव लागतं ना. एक डोळा तिथंच गेला होता. दुसऱ्यात आता उजेड आणि सावली, बस.

पाठोपाठ व्हिडिओ आला. कोणीतरी गच्चीवरून काढलेला, हलता, सगळ्यांच्या पाठी दिसणारा. सुधाताईंच्या शालीसारखी एक तपकिरी शाल, आणि "मारो, मारो इसको" असा सुधाताईंचा आवाज. गल्लीनं तो पाहिला आणि आपापली दारं लावून घेतली. सुधाताई माझ्याकडे आल्या, पदराला हात पुसत. म्हणाल्या, "नीतू, मी तर पायरीवर होती. तूच पाहिलं. हे त्या एआयनं बनवलं. तूच तर माझा आवाज बनवून दाखवला होता, सगळ्यांसमोर."

मी त्यांना पायरीवर पाहिलं होतं, खरं आहे. पण मी पोहोचले तेव्हा. आधीचं मला माहीत नाही. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल. आवाज कान लावून ऐकला, ओठ दिसत नव्हते, चित्र चार जणांकडून फिरून धूसर झालं होतं. मला सांगता येईना. एवढं शिकून, एवढं शिकवून, मला सांगता येईना, आणि ज्याचा डोळा गेला तो पाटनला आपल्या घरी खाटेवर पडून होता. पोलिस ठाण्यात जाण्याआधी वसंतकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोटं कुठं बोलायचंय बेटा? होऊ शकतं, एवढंच म्हण. होऊ शकतंच ना?" मला काकांची कीव आली आणि चीडही आली. मी ठाण्यात सांगितलं, होऊ शकतं आणि नसूही शकतं, ज्यानं काढला त्याचा मूळ फोन आणा. फोन कोणाचा ते कोणी सांगितलं नाही. वसंतकाकांच्या आवाजातला तो निरोप कोणी बनवला हेही कळलं नाही. मारणारे गर्दी झाले, व्हिडिओ संशयास्पद झाला, आणि गेंदालालचा डोळा जणू आपोआप गेला.

तेव्हापासून मी वर्ग घेतला नाही. मंडळातून विचारणा होते, नीता, पुन्हा कधी सुरू करतेस? मी म्हणते, आधी कोणीतरी एक जण म्हणा, मी मारलं. मग शिकवते. लोक हसतात, त्यांना वाटतं मी रागात बोलते. मी रागातच बोलते. शंका घ्यायला मी शिकवलं, पण ती घेतली कोणावर? नको असलेल्या प्रत्येक गोष्टीवर. हवा होता तो निरोप त्यांनी घोटभर पाण्यासारखा गिळला, नको होता तो फोन थुंकून टाकला. यंत्र काय करतं हे सांगणं फार सोपं आहे हो. माझ्या गल्लीला जे कळायला हवं होतं ते कोणत्या तासाला घ्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

आता या वर्षी मंडळानं ठरवलं, गेंदालालशी समझौता करायचा. किती दिवस ठाण्याच्या चकरा मारायच्या, झालं गेलं. झालं गेलं, हे शब्द ज्यांचे डोळे शाबूत आहेत त्यांना फार सहज येतात. वसंतकाका म्हणाले, तूही चल, त्याचा तुझ्यावर विश्वास आहे, दवाखान्यात तूच जात होतीस. काल आम्ही गेलो. काका, प्रकाश, सुधाताई आणि मी. सुधाताईंनी मांडीवर सफरचंदांची टोपली धरली होती. पाटनच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तोडणी चालू होती. बायका ओळीनं वाकून वेलीच्या वेली ओढत होत्या, मुळं तुटल्याचा आवाज गाडीच्या काचेतून येतो की काय असं मला वाटत होतं. मी काच वर केलेलीच होती.

गेंदालाल अंगणात खाटेवर उन्हात बसला होता. शेजारी त्याची बायको कमला. दोघांच्या मधे सुपात मटार, आणि तो सोलत होता. बोटं शेंगेची शिवण शोधायची, दाबायची, दाणे बरोबर सुपात पडायचे. आमच्या पावलांचा आवाज आला तशी बोटं थांबली. तो वयानं प्रकाशएवढा आहे. आता तेवढा वाटत नाही.

काकांनी हात जोडले, ते त्याला दिसले नसणार. बोलले चांगलं. मोहल्ल्याच्या वतीनं क्षमा, गैरसमज, कोणीतरी आमचा आवाज चोरला. प्रकाश जमिनीकडे पाहत उभा होता. कमला म्हणाली, "सब आए थे तो कोई तो रहा होगा मारने वाला. या सब बचाने आए थे?" काकांना खोकला आला. मग सुधाताई पुढं झाल्या, टोपली खाटेच्या पायाशी ठेवली, आणि हिंदीत म्हणाल्या, "भैया, हम तो वहां थे ही नहीं. हम अपनी सीढ़ी पे बैठे थे, बच्ची को लेके. वो वीडियो नकली है, मशीन से बनाया है. ये मैडम से पूछ लो."

गेंदालालनं मान त्यांच्याकडे वळवली. अगदी नीट, जिथून आवाज आला तिथं.

"एक बार फिर बोलिए, माताजी," तो म्हणाला.

सुधाताईंनी सफरचंदांची टोपली उगाच खाटेखाली सरकवली.

"वीडियो हमने नहीं देखा. हम क्या देखेंगे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "आप सबसे पहले आई थीं. पकड़ा आपने था, यहां, बालों से. फिर आपने एक बात कही, अपनी बोली में. उसके बाद सब डंडा-वंडा लेके आए. वो बात हमको पूरी याद है. अस्पताल में नर्स-डॉक्टर सबसे पूछा, किसी को वो बोली आती नहीं थी. मैडम आती थीं, उनसे पूछने की हिम्मत नहीं हुई."

आणि मग त्या माणसानं, ज्याला मराठीचा एक शब्द येत नाही, आमच्या घराघरातलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. चढउतारासकट. सुधाताई जशा म्हणतात तसं.

"मेल्याचे डोळे फोडा."

प्रकाशनं झटकन आईकडे पाहिलं. मांजरानं दुधात तोंड घातलं तरी आमच्या आज्या हेच म्हणत आल्या आहेत. मीही म्हटलं असेल. पण व्हिडिओत हे नव्हतं, ठाण्यातल्या कागदात नव्हतं, कोणत्याही फोनमध्ये नव्हतं.

"इसका मतलब क्या होता है, मैडम?" गेंदालालनं मला विचारलं. "आप तो पढ़ाती हैं."

मी तोंड उघडलं. कमला माझ्याकडे पाहत होती, काका पाहत होते. सुधाताई खाटेजवळ खाली जमिनीवर बसल्या. गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना, खाली बसत नाहीत कधी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, प्रकाशकडेही नाही.

"आंखें फोड़ दो इसकी," त्या म्हणाल्या. "मैंने कहा था."